खांब प्रेमात पडतो

प्रेमात पडायला वय लागत नाही म्हणतात. मान्य. पण थोडी अक्कल तरी लागावी की नाही? खांबाने पन्नाशी ओलांडल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर जीव लावला, तोही एका गिटारीवर.

खांब हे त्याचं बँडमधलं नाव. शनिवारी हॉटेलात, अधूनमधून एखाद्या कंपनीच्या समारंभात वाजवणारा छोटासा बँड होता. त्यात हा मागे उभा राहून बास गिटार वाजवायचा. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. ती वाजतेय हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण थांबली की गाणं लंगडतं. हा वाजवताना हलायचा नाही, हसायचा नाही, म्हणून ड्रम वाजवणाऱ्या त्याच्या सख्ख्या मेहुण्यानेच त्याचा खांब करून टाकला. पोटापाण्याचं काम वेगळं होतं. दातांच्या लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा, आणि कवळीला चकाकी आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

जुन्या गिटारीचं एक बटण खरखरायला लागलं, म्हणून तो एका कारागीर बाईंकडे गेला. टायरच्या दुकानावरची खोली, खाली हातोड्यांचा आवाज आणि वर लाकडाच्या भुशाचा वास. बाई वर्षाकाठी मोजक्याच गिटारी घडवायच्या, सगळं हाताने. एक तयार होऊन खुंटीला टांगलेली होती. अक्रोडाचं लाकूड, धुरकट तपकिरी, रंगरोगण नावालाही नाही. बटण दुरुस्त होईपर्यंत बसून कंटाळाल म्हणून बाईंनी, त्याच्या कवळ्यांच्या कामाची चौकशी करता करता, ती सहज त्याच्या हातात दिली. त्याने सगळ्यात जाड तार छेडली. सूर कानात शिरायच्या आधी छातीच्या हाडात शिरला, आणि गडी जागच्या जागी गार झाला.

पैशांचं त्याने जमवलं असतं, पण नुसत्या पैशांवर भागणार नव्हतं. बाईंची रीत होती. माणसाने आधी गिटार घरी न्यायची, महिनाभर वाजवायची आणि परत आणून दाखवायची. दोघांचं जमलंय असं बाईंना वाटलं तर ती त्याची, नाहीतर पुन्हा खुंटीला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हे तर बघण्याचा कार्यक्रम झाल्यासारखं झालं, फक्त पसंती मुलीकडच्यांची.

घरी बायकोने सरळ प्रश्न विचारला. ती नर्स, तिला आडवळणाने बोलायची सवय नाही. घरात एक आहे, ती वाजते, मग ही कशाला? खांब म्हणाला, आवाजासाठी. आवाजात काय फरक आहे? खांब म्हणाला, खोल आहे. म्हणजे कसा? त्यावर त्याने बराच विचार केला आणि पुन्हा म्हणाला, खोल. बायको कपाळाला हात लावून आत गेली. चूक तिची नव्हती. त्याला स्वतःलाच कुठे कळत होतं?

आणि मग सगळा सावळागोंधळ. गिटार सोफ्यावर आणि हा जमिनीवर. येता-जाता पुसायचा. बँडला मात्र जुनीच न्यायचा, नवीला ओरखडा पडला तर? घरी वाजवायला घेतली की बोटं घाबरायची. तिच्याशिवाय करमेना आणि तिच्यासमोर हात चालेना. आपण हिच्या लायकीचे नाही असं वाटायचं, आणि ती दुसऱ्या कुणाकडे जाईल या विचाराने रात्री उठून तिला बघून यायचा.

अशात एका रविवारी त्याला वाटलं, गिटारीची दांडी जरा निस्तेज दिसते. बस. ज्याने जन्मभर निस्तेज म्हणून काही हाताखालून जाऊ दिलं नाही, त्याच्याने राहवेना. त्याने लॅबमधली पेस्ट आणली, मऊ कापडाने दांडी घासली, वर वार्निशचा हात दिला. दांडीत खिडकी दिसायला लागली, तेव्हा त्याला धन्य वाटलं. मग वाजवायला घेतली, तर अंगठा दांडीला चिकटू लागला. बाईंनी ती दांडी मुद्दाम कोरडी ठेवली होती, हात सरकावा म्हणून, हे त्याला तेव्हा उमगलं.

दाखवायच्या दिवशी बायकोला सुट्टी होती. ती बरोबर आली. बाईंनी दांडीवरून अंगठा फिरवला, तो अर्ध्यावर अडकला. तारा पाहिल्या, त्या कोऱ्याच. बाईंनी चष्मा काढला.

"कवळी सुरेख झालीय," बाई म्हणाल्या. "पण वाजवलीत कुठे?"

ओरखडा पडेल म्हणून फारशी वाजवली नाही, असं खांबाने खरंखरं सांगून टाकलं.

"मग ही मी तुम्हाला नाही देऊ शकत."

खांबाने मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं ते लपवताही येईना. तेवढ्यात बायको बोलली. महिनाभर नाही नाही म्हणणारी तीच.

"वाजवलीय त्यांनी, एका दुपारी. मी लवकर घरी आले होते. बेल नाही वाजवली, जिन्यात बसून ऐकत राहिले." मग ती गिटारीकडे बघत म्हणाली, "लग्न झाल्यापासून यांचं वाजवणं ऐकतेय, पण त्या सगळ्या गोंगाटात यांचा आवाज कुठला, ते मला कधी कळलं नाही बाई. त्या दिवशी कळलं."

खांब तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाईंनी सँडपेपर त्याच्यापुढे धरला. म्हणाल्या, ही चकाकी उतरवा, इथेच, माझ्यासमोर. जमलं तर घेऊन जा.

त्याने कागद घेतला, पण हात पुढे जाईना. इतकी वर्षं चकाकी आणली, आता स्वतःच्या हाताने मारायची? बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि जखम साफ करावी तशी शांतपणे दांडीवर घासायला लागली. आडवी-तिडवी पांढरी रेघ उठली.

"अगं, आडवं काय घासतेस? लाकडाच्या रेषेने घास. आण इकडे."

आणि तोच घासायला लागला. वार्निशचा पांढरा भुगा पँटवर पडत राहिला. खिडकी पुसली गेली, लाकूड वर आलं. बाईंनी अंगठा फिरवून पाहिला, तो वरपासून खालपर्यंत न अडकता गेला. त्यांनी गिटार त्याच्या गळ्यात अडकवली.

तो वाजवू लागला. आपल्याला हिच्यात नेमकं काय सापडलंय, हे त्याला अजूनही सांगता आलं नसतं. बायको स्टुलावर बसून, मान तिरकी करून ऐकत होती. मध्येच त्याचा एक सूर साफ चुकला. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमचाच होता ना तो?" तिने विचारलं. खांब हो म्हणाला, आणि वाजवत राहिला.