एकट्याला न विकलेली बेस गिटार

देवळाली कॅम्पातल्या त्या गृहस्थांचं नाव मी विचारलंच नाही. ऐंशी साल असेल. नाशिकच्या दुकानात नव्या बेस गिटारची किंमत ऐकून मी हात जोडले होते, कारकुनाचा चार महिन्यांचा पगार गेला असता. दुकानदारानंच ह्यांचा पत्ता दिला.

त्यांनी गिटार गादीवर ठेवली आणि चारही तारा फडक्यानं एकेक करून पुसल्या.

"नव्या तारा परवडत नाहीत. महिन्यातून एकदा पाण्यात उकळतो, पुन्हा खणखणीत होतात," म्हणाले.

किंमत सहाशे. त्यांनी स्वतः जोडलेला, दोघांनी उचलावा असा ॲम्प्लिफायर त्यातच. मी पैसे काढले.

"तुमच्या बँडमध्ये कोण कोण आहे?"

"बँड कसला? घरीच वाजवीन."

त्यांनी गिटार पुन्हा जवळ ओढली. "मग नको. हे एकट्यानं वाजवायचं वाद्य नाही."

मी सातशे म्हणालो, आठशे म्हणालो. शेवटी चिडलो. "तुम्हाला विकायचीय की नाही?"

"विकायचीय हो. आमचा ड्रमवाला दुबईला गेला, गाणारा वारला. दोन वर्षं मी एकटाच वाजवतोय. तुम्हाला कशाला त्यात ढकलू?"

मी तणतणत जिना उतरलो. वर बेस सुरू झाला. थोडा वेळ वाजे, मग थांबे, आणि पुन्हा बरोबर लयीत सुरू होई. सायकलचं कुलूप काढता काढता माझा हात थांबला. मधली ती जागा गाणाऱ्याची होती. ते त्याला गाऊ देत होते.