कोळशातून काचेकडे

आधी मामांचं सांगतो. नाव लिहायचं नाही, असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं मामा. गुहागरकडचे, वायरमन. दुबईत जबल अलीच्या कामगार कॅम्पात माझ्या वरच्या पलंगावर झोपायचे. आज मी इथे टिकून आहे तो त्यांच्यामुळे.

मी परळीकडचा. आठवी सोडली आणि थर्मल वीज केंद्राच्या ठेकेदाराकडे, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेला कोळसा ओढायला लागलो. त्याच कामावर दुबईला आलो. इथे कोळशाचं नवं वीज केंद्र उभं राहत होतं. मग वरून ठरलं, ते गॅसवर चालवायचं. "पट्टा खलास," फोरमन म्हणाला. पट्टा नाही तर आम्हीही नाही. बहिणीचं नर्सिंग माझ्या पगारावर चाललेलं.

मामा वाळवंटातल्या सोलर प्रकल्पावर होते. त्यांनी तिथल्या पुण्याच्या इंजिनिअर मॅडमना गळ घातली, आणि एक दिवस काम बघू, एवढं कबूल करून घेतलं.

पॅनलवर ही धूळ. कोळशात धूळ दिसली की पाणी मारायचं, हात आपोआप तिकडेच जातो. भर दुपारी मी टँकरचा पाइप उचलला.

"अरे भाच्या, थांब," मामा ओरडले. तोवर तापलेल्या काचेवर धुळीचा चिखल होऊन चिकटलाही.

मॅडम आल्या. "काच तडकली असती तर?"

"कोळशातला आहे, मॅडम," मामा म्हणाले. "धूळ म्हणजे पाणी, एवढंच शिकलाय. पुन्हा चुकला तर मलाही काढा."

"मामा, तुम्हाला काढलं तर केबल कोण जोडणार?"

"म्हणून तर बोलतोय."

मॅडमना हसू आलं, पण आवाज कडकच. "ऊन उतरल्यावर धुवा. आणि तुम्ही, काहीही करायच्या आधी विचारायचं."

ऊन उतरलं, काच निवली, तेव्हा मऊ ब्रशनं मी सगळा चिखल काढला. प्रत्येक गोष्ट विचारून. जाताना मॅडम म्हणाल्या, "उद्या या."

आता काच कोरडी पुसणारी यंत्रं माझ्या ताब्यात आहेत, हाताखाली माणसं आहेत. व्हिडिओवर आईला दाखवलं, तर ती म्हणते, "धूर कुठंय? मग वीज कशी निघती?" घरी वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, तिचं बरोबरच आहे. थर्मलला मी नावं ठेवणार नाही. त्याच कोळशावर आमची चूल पेटली. पण नजर पोचेल तिथवर काच चमकते, आणि ती मी राखतो, हे सांगताना ऊर भरून येतो. अजूनही फोरमनचा फोन वाजला की वाटतं, हेही काम गेलं, ते वेगळं.

मामा पुढच्या वर्षी कायमचे गावी जाणार. वादळ आलं की त्यांच्याकडे दिवसदिवस वीज नसते. परवा म्हटलं, "मामा, तुमच्या घरावर सोलर मी बसवणार."

"आधी लग्न कर," म्हणाले.

लग्नाचं माहीत नाही. मामांच्या घरावर पॅनल मात्र मी स्वतःच्या हातानं बसवून देणार, हा माझा शब्द.