चिंचोटीच्या अलीकडे

तो रविवार आठवला की अजूनही माझं डोकं तडकतं. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी वसईच्या एका शाळेत शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गिरीभ्रमण मंडळाबरोबर जव्हारहून चिंचोटीच्या धबधब्यापर्यंत पायी निघाले होते. पाच दिवसांची वाट, अकरा पुरुष आणि मी. मध्ये कुठेही एसटी पकडायची नाही, हा एकच नियम. शेवटपर्यंत चालत आला त्याचंच नाव मंडळाच्या वहीत चढायचं. त्या वहीत तोवर एकाही बाईचं नाव नव्हतं. ते मला हवं होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

चौथ्या रात्री तुंगारेश्वरच्या मंदिरात मुक्काम केला. टाच सोलली होती, पण मी खुशीत होते. सकाळी चहा पिताना आमचे म्होरके, विरारचे बँकेतले एक गृहस्थ, म्हणाले की बाई, तुम्ही आता हायवेला उतरा आणि एसटीने घरी जा, एक जण सोबत येईल. मला वाटलं, टाचेमुळे म्हणताहेत. पण टाचेचा काही संबंध नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी माझी आई मला न सांगता मनवेलपाड्याला त्यांच्या घरी जाऊन आली होती. आमची पोर रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, तेवढं तिला वेळेत पाठवा, असं सांगून, वाडीतली केळी देऊन, त्यांचा शब्द घेऊन आली होती.

त्या रविवारची मिस्सा चुकवायची परवानगी मी फादरकडून आधीच काढली होती. आईलाही ते ठाऊक होतं. मी म्होरक्यांना तसं सांगितलं.

"मी शब्द तुमच्या आईंना दिलाय," ते म्हणाले, "फादरना नाही."

बाकीचे दहा जण पेले हातात धरून खाली बघत होते. चिंचोटी तीन तासांवर होती. आणि मी गेले. सगळ्यात जास्त राग मला याचाच आहे. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी मी, मुकाट्याने पाठपिशवी उचलून उतरले. सोबत आलेला मला हायवेला सोडून परत वर चढला. मंडळी त्याच्यासाठी दोन तास थांबली होती, हे मला मागाहून कळलं.

एसटी उशिरा आली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मी देवळाशी पोचले तेव्हा मिस्सा संपून माणसं बाहेर पडत होती. धुळीने माखलेली मी लंगडत पायऱ्यांपाशी गेले. आई पुढे आली, चेहरा अगदी उजळलेला. मिस्सा चुकलीच, असं मी म्हटलं, तर ती हळूच म्हणाली, "चुकू दे. लोकांनी बघितलं ना तुला? झालं तर." पुरुषांबरोबर जंगलात गेलेली पोर रविवारी कुठे होती, असं पायऱ्यांवरच्या बायकांनी विचारू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप होता. देवाला त्यात कुणी विचारलंच नव्हतं. मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही.

बुधवारी मंडळाची बैठक झाली. वहीत बारा नावं लिहिलेली, शेवटचं माझं. टाळ्याही वाजल्या. म्होरके मोठं मन दाखवल्यासारखे हसत होते. मी म्हटलं, माझं नाव काढा, मी चिंचोटीला पोचले नाही. ते म्हणाले, अहो, एवढ्याशा वाटेचं काय घेऊन बसलात? ती एवढीशी वाट त्यांना स्वतःला सोडवली नव्हती. मी त्यांचंच पेन घेतलं आणि माझं नाव खोडलं.

पुढच्या रविवारी आई मिस्सेला निघाली तेव्हा मी कॅनव्हासचे बूट बांधत होते. तिने विचारलं, बायकांना काय सांगू? मी म्हटलं, चिंचोटीला गेलीय म्हणून सांग. मंदिरापर्यंत चढले आणि जिथे वाट सोडली होती तिथूनच पुन्हा धरली. लाकडं तोडायला निघालेल्या दोन आदिवासी बायकांनी अर्ध्यापर्यंत रस्ता दाखवला, पुढे एकटीच होते. दुपारी धबधब्याशी पोचले. पाणी ओसरून धार बारीक झाली होती. कुंडात पाय सोडून बसले, मनसोक्त रडले आणि शिव्याही घातल्या, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने.

पुढच्या बैठकीत म्होरक्यांना म्हटलं, आता लिहा. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"एकट्याच गेला होता ना? मग साक्षीला कोण?"

"न चालता लिहिलंत तेव्हा कोण होतं?"

त्यांनी टोपण परत लावलं. त्या वहीत माझं नाव खोडलेलंच राहिलं.