आप्पा भाटकरांचं सस्पेन्शन

आप्पा भाटकरांच्या नव्या मोटारीच्या पुढच्या सस्पेन्शनवर मी बसलो. मोटार अजून व्हायची होती. सस्पेन्शनचा नमुना तेवढा तयार होता आणि तो ओटीवरच्या खुर्चीत ठेवला होता. बांबूच्या कांब्या, बॉलपेनातल्या स्प्रिंगा आणि चाकं म्हणून दोन सुपाऱ्या. मी टेकलो आणि महिनाभराचं संशोधन कडाड करून संपलं. आप्पांनी तुकडे गोळा केले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढा लोड आपण धरलाच नव्हता, असं शांतपणे सांगितलं.

आप्पांची हयात बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त होऊन पावसला आले ते जमिनीवर उपकार केल्यासारखे. त्यांचं घर वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर. खाली खाडीकाठी त्यांच्या बायकोची, योगिनीवहिनींची, सख्खी बहीण राजश्री राहते. मधला रस्ता जांभ्या दगडांचा. मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर वहिनी एकदाच रिक्षाने खाली गेल्या आणि परत आल्या त्या पंधरा दिवस अंथरुणालाच खिळल्या. राजश्रीला दम्यामुळे चढण झेपत नाही. दोघी फोनवर बोलतात आणि फोन ठेवला की वहिनी बराच वेळ भिंतीकडे बघत बसतात. आप्पांनी गाडी करायला घेतली ती एवढ्यासाठी. गावाला मात्र त्यांनी सांगितलं की मोटार कंपन्यांना डिझाइन कळत नाही.

रस्ता सुधारून घेणं हा दुसरा उपाय होता. पण त्याची भूमिपूजनं इतकी झालीत की त्यात फोडलेल्या नारळांच्या करवंट्या टाकल्या असत्या तरी खड्डे बुजले असते.

आप्पांनी भंगारातली एक छोटी मोटार आणली आणि तिचं पुढचं अंग उपटून काढलं. नवी स्प्रिंग इतकी मऊ घेतली की बॉनेटवर कावळा बसला तरी गाडी मान खाली घालायची. दबलेली स्प्रिंग उसळून नाचू नये म्हणून शॉकअप असतो. तो जरा कडक ठेवा, असं मी मोबाइलवर वाचून बजावलं, तर समुद्राला कुठे शॉकअप असतो, हे उत्तर. वाडीतला जो तो येई, फणस पिकलाय का बघावं तसं बॉनेट दाबून पाही आणि सुस्कारा टाकून निघून जाई. रघू रिक्षावाल्याने तर गंभीरपणे विचारलं, "आप्पा, वल्ही कुठल्या बाजूला लावणार?"

वहिनींनी निकाल आधीच देऊन ठेवला होता. एकदाच बसेन, एक जरी दणका बसला तर गाडी परत भंगारात, आणि पुन्हा खाली जायचा विषय काढायचा नाही.

चाचणीला आप्पांनी मला शेजारी बसवलं. दणका खरंच एकही नाही. मात्र दगड दिसला की गाडी त्याला वाकून नमस्कार करी, आणि एकाने भागत नसल्यासारखी आणखी चारदा. तिसऱ्या वळणावर सकाळची घावनं काजूच्या झाडाखाली अर्पण करून मी परतलो. आप्पांनी फक्त एवढंच विचारलं, दणका बसला का? मी मान हलवून नाही म्हटलं. माणूस धन्य झाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी बसल्या. मी स्कूटरवरून मागोमाग, पाण्याची बाटली घेऊन. गाडी वर-खाली, वर-खाली चालली. अर्ध्या वाटेत वहिनींची मान कलली. घाबरून मी स्कूटर शेजारी घेतली, तर बाईंना झोप लागली होती. दाभोळच्या होडीवाल्यांची लेक ती. असल्या हेलकाव्यांत लहानाची मोठी झालेली.

खाली राजश्री अंगणात उभी होती. वहिनी उतरल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि गाडीकडे, आप्पांकडे, माझ्याकडे न बघता बहिणीचा हात धरून आत गेल्या. आतून दोघींचं एकदमच बोलणं सुरू झालं. चहाला आम्हाला कोणी बोलावलं नाही.

मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, आप्पा, यशाने हुरळू नका, डिझाइन साफ फसलंय. या गाडीत दुसरा माणूस टिकायचा नाही, कुठली कंपनी हिला हात लावणार नाही. आता तरी शॉकअप कडक करा, म्हणजे जगाला बसता येईल.

आप्पा दाराकडे कान लावून बसले होते. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

"जगाची कंबर नाय दुखत, हिची दुखत्ये."