बोटं हायेत का?

आमच्या बँडचं ते गाणं आता जिममध्ये वाजतं, वरातीत वाजतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं स्टेटसला ठेवतात. "हायेत, हायेत, अजून हायेत" ही ओळ आली की लोक हात वर करतात. भेटेल तो विचारतो, एवढं उमेद देणारं गाणं सुचलं कसं? मला या प्रश्नाचा वैताग येतो. उमेद कसली डोंबलाची. माझी जन्मात एवढी फाटली नव्हती, त्या दिवसाचं गाणं आहे ते.

तेव्हा आमचा ड्रमर आणि मी, बँडचा गाणारा, वाळूजला एकाच कारखान्यात होतो. तो प्रेसवर पत्रे दाबायचा, मी शेजारी पॅकिंगला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण एका बटणात काडी खोचून ते दाबून ठेवलं की एका हातानं काम भागतं. बाकीचे माल लवकर निघावा म्हणून काडी खोचायचे. आमच्या शहाण्यानं ठेक्यासाठी खोचली. संध्याकाळी कार्यक्रम होता, नवा ठेका हातात बसत नव्हता. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि प्रेसच्या धपधपीवर उजव्या हातानं टेबल बडवायचं, असं त्याचं चाललं होतं. मधेच एक पत्रा आत तिरका बसला. तो सरळ करायला त्यानं उजवा हात आत घातला, आणि ठेक्याची वेळ आली तसा डावा हात आपसूक बटणावर पडला.

किंकाळी नाही, काही नाही. फक्त धपधप थांबली.

कुणीतरी हाताला फडकं गुंडाळलं. कारखान्याची गाडी बाहेर गेलेली. बँडची जुनी व्हॅन मीच आणली होती, मागं ड्रम भरलेले. त्याला पुढं बसवलं आणि निघालो. मला रक्त बघवत नाही, लहानपणापासून. डोळ्यांपुढं काळं काळं येत होतं. मागं ड्रमच्या पितळी थाळ्या खणखणत होत्या. बाजूला बघायची छाती नव्हती.

"बोटं हायेत का रे?" त्यानं विचारलं.

"हायेत."

"बघून सांग."

"बघितली. हायेत."

कसली बघितली. शहरात शिरताना छावणीजवळ आलो तर आठवडी बाजार, पुढं टेम्पो, रिक्षा, शेळ्या. हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही. हा दर दोन मिनिटांनी तेच विचारतोय, आणि मी ओरडतोय, हायेत, हायेत, अजून हायेत. आवाज फाटला होता माझा. हा आता गप्प झाला तर मेला, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं. दोन बोटं नव्हती.

त्यानंतर मी त्याच्या घराकडं फिरकलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तोच एक दिवस औरंगपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर आला. खाली मंडपवाल्याचं दुकान, वर आमची प्रॅक्टिस. सरळ ड्रमपुढं बसला. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं काठी हाताला बांधून घेतली.

"गाडीत काय वरडत होतास, ते म्हण."

"माफ कर राव. मी खोटं बोललो. मी बघितलंच नव्हतं."

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "फडकं गुंडाळायच्या आधीच. गेली ते मला ठाव होतं."

"मग सारखं विचारत कशाला होतास?"

"येड्या, तू पांढराफट्ट पडला होतास. गप बसला असतास तर चक्कर येऊन गाडी घातली असतीस कुणाच्या तरी अंगावर. तुला बोलतं ठेवत होतो." त्यानं काठीची गाठ दातानं आवळली. "आता म्हण. पण चांगलं नको म्हणू. तवा घाबरून म्हणला होतास ना, तसंच पायजे."

मी तसंच म्हटलं. दुसरं जमलंही नसतं.

आता समोर हजारो लोक असतात. ती ओळ जवळ आली की डोळ्यांपुढं तसंच काळं काळं येतं, आता आवाज निघायचा नाही असं वाटतं. तेव्हा मागून, ड्रमच्या आवाजातूनही मला नेमकं ऐकू येतं.

"बोटं हायेत का रे?"

दर कार्यक्रमाला विचारतो. आणि मी मागं वळून न बघता ओरडतो.