कुंकवाची रांग

माझ्या दैनंदिनीत दर शुक्रवारच्या शेवटच्या तासापुढं 'चित्रकला' असं लिहिलेलं असे. त्याखाली कधी 'आंबा', कधी 'पतंग', कधी 'घर व झाड'. यातलं एकही चित्र मी मुलांकडून काढून घेतलेलं नव्हतं. त्या तासाला मुलं पाढे घोकत आणि मी खुर्चीत बसून पुण्याहून आणलेली जुनी मासिकं वाचत असे. वय एकोणीस, व्हर्नाक्युलर फायनल पास, नोकरीला पाच महिने झालेले. कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी लिहीत होतो.

थेरगाव ओलांडून माणच्या गाडीवाटेला लागलं की मध्ये एक लहान गाव लागे. तिथली ती शाळा, दोन मास्तरांची. चिंचवड स्टेशनात उतरलं की पुढं दोन तास पायी. वरचे वर्ग हेडमास्तरांकडे होते, बिगरी आणि पहिली माझ्याकडे. माझ्याकडची मुलं एकंदर अठ्ठावीस. सकाळी सात ते साडेदहा एक शाळा आणि दुपारी दोन ते पाच दुसरी. मधल्या वेळात मुलं घरी जाऊन भाकरी खाऊन येत.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी प्रार्थना नुकतीच संपली होती, तेवढ्यात सायकलवरून एक शिपाई आला. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, चिंचवडला मुक्कामाला होते आणि दुपारी आमच्याकडे येणार होते. हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्या हातात दिली. खाली एक ओळ होती: लहान वर्गाचा चित्रकलेचा पाठ पाहण्यात येईल.

हेडमास्तर म्हणाले, "तुमची दैनंदिनी चांगली भरलेली आहे. त्यातलंच काहीतरी दाखवा."

ते सरळ बोलले की त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मान खाली घालून वर्गात गेलो.

सकाळची शाळा सुटायला तीन तास होते. शाळेत रंगपेटी नव्हती, रंगीत खडूंचे दोन तुकडे होते. मुलांना पाटीवर साधा गोल काढता येत नव्हता, कारण तो मी कधी काढायला लावलाच नव्हता. ज्यात हात वळणदार लागत नाही असं काहीतरी हवं होतं. अंगणात उंबराचं झाड होतं. त्याचं एक पान हातात घेऊन उलटं केलं, तर मागं शिरा चांगल्या उठून आलेल्या. पानाला रंग लावायचा आणि कागदावर दाबायचं. ठसा आपोआप उमटतो, मुलाला काही येवो न येवो. कपाटात गेल्या वर्षीच्या परीक्षेचे पाठकोरे कागद होते, ते मी चौकोनी फाडून ठेवले. खळ शिजवायला माझ्याकडे कणीक होती. राहिला रंग.

रंग घरोघर असतो, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी स्वतःवरच खूश झालो. साडेदहाला घंटा व्हायच्या आत मी मुलांना चार रांगांत बसवलं. पहिल्या रांगेला सांगितलं, येताना चिमूटभर हळद आणा. दुसरीनं कुंकू, तिसरीनं नीळ, चौथीनं तव्याखालची काजळी. "जो आणणार नाही त्याला वर्गात बसू देणार नाही," असंही म्हणालो.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सात वर्षांची असेल. पहिलीत होती, फार बोलत नसे, बेरजा बरोबर करी.

"गुर्जी, आमच्यात कुंकू न्हाई."

"नाही म्हणजे?"

"न्हाई. मी हळद आणू?"

शेजारचा एक मुलगा म्हणाला, "गुर्जी, तिचा बा..." मी टेबलावर पट्टी आपटली आणि त्याला गप्प केलं. माझ्या रांगा नीट लागल्या होत्या, त्या मला मोडायच्या नव्हत्या. मी तिला म्हणालो, "कुंकवाशिवाय घर असतं का कुठं? सबबी सांगू नकोस. तांबडा रंग घेऊन ये, नाहीतर येऊच नको."

मुलं हसली नाहीत. बाकीच्या वेळी कुणाला मी बोललो की ती हसत. तेवढ्यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं. हजेरी घेताना मी रोज तिच्या नावापुढं तिच्या बापाचं नाव वाचत होतो. तो मी या गावात येण्याच्या दोन महिने आधी वारला होता, हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात ती, तिची आई आणि आजी. दोघी बायका पांढऱ्या कपाळाच्या, पोरीच्या कपाळावर गोंदण. चुलता शेजारीच राहत होता, पण वाटणीवरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. हे सगळं मला नंतर कळलं. कळून घ्यायला एक प्रश्न पुरला असता.

दोन वाजता मुलं आली. कुणी पानात, कुणी चिंधीत, एकानं तर काजळी तळहातावरच फासून आणलेली. ती मुलगी सगळ्यांच्या मागून आली. परकराच्या ओच्यातून तिनं रुईचं पान काढलं आणि माझ्यापुढं उघडलं. आत तांबडा-नारिंगी, तेलकट असा गोळा होता.

तो शेंदूर होता. कुंकू आणि शेंदूर यातला फरक कुणालाही कळतो, मलाही कळला. ओढ्याकाठच्या म्हसोबाच्या दगडाशिवाय एवढा शेंदूर त्या गावात कुठं नव्हता, हेही मला माहीत होतं. नुकतीच अवस होऊन गेली होती, दगडावर नवा थर चढला होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं पेरापर्यंत तांबडी झाली होती. ती माझ्याकडे पाहत होती, आता बसू देतील का, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

मी म्हणालो, "बस."

दिपोटीसाहेब अडीचला आले. मी पानाला खळ आणि रंग लावून दाखवला, ते कागदावर दाबलं, उचललं. मुलांनी तसंच केलं. पाठ चांगला झाला, खोटं कशाला सांगू. मुलांना इतकी मजा आली की साहेब समोर आहेत हे ती विसरली. हळदीचे ठसे फिके आले, निळीचे पसरले, काजळीचे डाग पडले. त्या मुलीचा ठसा मात्र शिरान् शिर उमटलेला, तांबडा, लखलखीत. साहेबांनी तोच कागद उचलला.

"वा. हा रंग कशाचा, मास्तर?"

"कुंकवाचा, साहेब."

त्यांनी कागद खिडकीकडे धरून पाहिला आणि मुलीच्या डोक्यावर थाप मारली. जाताना शेरेबुकात लिहिलं की नव्या शिक्षकानं गावातल्याच साधनांचा चांगला उपयोग करून घेतला आहे. हेडमास्तरांनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली, आणि थोड्याच वेळात पाटील, दोन म्हातारे आणि तिचा चुलता दारात येऊन उभे राहिले. म्हसोबा कुणीतरी खरवडला होता. एका अंगाला दगड उघडा पडला होता.

पाटील म्हणाले, "गुर्जी, पोरांचे हात दाखवा जरा."

मी मुलांना हात पुढं करायला सांगितलं. शेंदूर एका रात्रीत निघत नाही. तिच्या नखांत तो तसाच होता. चुलत्यानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि विचारलं, "कुणी सांगितलं तुला ह्ये? आईनं?"

"न्हाई."

"मग कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळा मिटून उघडण्याइतकाच. मला काही बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: मी सांगितलं तांबडा रंग आण म्हणून. ते माझ्या तोंडात आलं होतं. त्याच वेळी दैनंदिनी, शेरा, साहेब, आणि ही सगळी माणसं, असं सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं.

ती म्हणाली, "मीच."

चुलत्यानं तिच्या दोन थोबाडीत दिल्या. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मी मध्ये पडलो आणि म्हणालो, "जाऊ द्या. लहान आहे, तिला कळलं नाही. पुन्हा नाही करायची."

एक म्हातारा म्हणाला, "गुर्जी म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या." पाटलांनीही मान हलवली. त्या माणसांच्या नजरेत मी शहाणा आणि मायाळू ठरलो. मुलं सगळी बघत होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना ठाऊक होतं रंग कुणी आणायला लावला ते. एकही बोललं नाही. मी त्यांना एवढं मात्र नीट शिकवलं होतं, की गुर्जींच्या विरुद्ध बोलायचं नसतं.

गावानं ठरवलं, पाच रविवार त्या घरानं म्हसोबाला तेल-शेंदूर आणि नारळ द्यायचा. तिच्या आईनं शेंदूर लावायचा नव्हता, विधवा म्हणून. तो चुलतीनं लावायचा. शाळेच्या ओट्यावरून ओढा दिसे. पहिल्या रविवारी मी पाहिलं, चुलती दगडाला शेंदूर फाशीत होती आणि अलीकडच्या काठावर आई त्या मुलीचा हात धरून उभी होती. पुढचे चार रविवार मी सुट्टीला पुण्याला गेलो.

त्या पहिल्या रविवारच्या आठवड्यातच तिची आई शाळेत आली. तीस वर्षांचीही नसेल. पदर घट्ट आवळून दाराबाहेरच उभी राहिली. मुलगी तिच्या मागं. ओंजळीएवढ्या वालाच्या शेंगा तिनं उंबऱ्यावर ठेवल्या.

"गुर्जी, तुमी मधी पडला म्हून पोरगी वाचली. तुमचं उपकार हायेत."

मुलगी खाली बघून अंगठ्यानं माती उकरत होती. मी म्हणालो, "असू द्या, बाई. त्यात काय एवढं." त्या रात्री मी त्या शेंगांची भाजी केली. टाकून द्यायचं धैर्यही माझ्यात नव्हतं आणि परत करायचंही.

मुलगी शाळेत येत राहिली. मीही सुधारलो, असं म्हणावं लागेल. दर शुक्रवारी चित्रं काढून घेऊ लागलो, खरोखरीची. मुलगी पाटीवर पेन्सिलीनं काढी. रंग वाटले की तिच्या वाट्याचा शेजारणीला देई. मी तिला कधी आग्रह केला नाही. तिच्याशी बोलताना माझा आवाज उगाच मऊ होई, आणि तो तसा झाला की ती आणखी मान खाली घाली.

दीड वर्षानं माझी ट्रेनिंगला निवड झाली. त्या शेऱ्याचा त्यात हात असावा. निघायच्या दिवशी ट्रंक गाडीत चढवली आणि गाडीवानाला थांबायला सांगून मी तिच्या घरी गेलो. आई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आजी आत निजलेली, मुलगी रानात गेलेली. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. रंग मी आणायला लावला, तिनं कुंकू नाही म्हणून सांगितलं तरी मी ऐकलं नाही, शेंदूर ओळखला आणि गप्प बसलो, पाटलांसमोरही गप्प बसलो.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "म्हाईत हाय मला. पोरीनं त्याच दिशी सांगितलं."

"मग तुम्ही तेव्हा शेंगा घेऊन का आलात? उपकार कशाला मानलेत?"

"तिला शिकवायची व्हती ना. गावात शाळा एकच, तुमी तिथं. तुमच्याशी वाकडं घेऊन कसं चाललं असतं?"

मला बसायला हवं होतं, पण तिनं बसा म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "मी पाटलांकडे जातो. त्यांना खरं काय ते सांगतो, मग निघतो."

"आता नगा," ती म्हणाली. "लोक इसरल्यात. तुमी सांगून जाल गाडीत बसून, आन् मागं पुन्ना तिचंच नाव निघंल. चुलता म्हनंल, गुर्जींवर पन आळ घातला."

तिचं बरोबर होतं की नव्हतं, यावर मी पुढं कितीतरी विचार केला. ते बरोबरच होतं असं वाटतं. पण ती नको म्हणाली त्या क्षणी मला काय झालं, ते सांगायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. पाटलांच्या ओट्यावर जाऊन उभं राहायला लागणार नाही, म्हणून माझी छाती हलकी झाली. आणि ते तिला दिसलं. तिनं पहिल्यांदा शेंगांवरून नजर वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "जावा आता. गाडी खोळंबली आसंल."

मी नमस्कार केला. तिनं परत केला की नाही हे पाहायला थांबलो नाही. गाडीवान थेरगावपर्यंत काहीतरी सांगत होता, त्याच्या बैलाच्या खुराविषयी. मी हं हं करत होतो.