आवाज भीमरावचा, पत्ता श्यामसुंदरांचा

आपल्याला काढून टाकणार आहेत, ही बातमी भीमरावने स्वतःच्याच तोंडाने वाचून दाखवली. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

श्यामसुंदर खांबेटे सकाळचा चहा घेऊन संगणकासमोर बसले होते. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरात दिवस उजाडला की आधी कुसुमताईंची देवघरातली घंटा वाजते आणि मग भीमराव बोलू लागतो. श्यामसुंदरांना जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते संगणक त्यांना वाचून दाखवतो, आणि ज्या आवाजात वाचतो तो आवाज त्यांच्या मित्राचा, भीमराव ओव्हाळचा.

‘‘पुढील आवृत्तीतून काढून टाकायची पॅकेजेस,’’ भीमराव वाचत होता. वीजबिल वाचावं तसा, ना राग ना लोभ. ‘‘मराठी वाचा, आवाज भीमराव. देखभाल करणारी व्यक्ती उत्तर देत नाही. वापरणारे, शून्य. कुणी जबाबदारी घेणार असल्यास महिनाअखेर कळवावे. आपली, तनुजा शेडगे.’’

‘‘कुसुम!’’

कुसुमताई हातातली फुलं तशीच घेऊन बाहेर आल्या. ‘‘काय झालं?’’

‘‘भीमराव गेला.’’

‘‘अहो, तीन वर्षं झाली त्याला.’’

‘‘परत मारतायत.’’

आता पॅकेज म्हणजे काय, तर डबा. श्यामसुंदरांच्या संगणकात लिनक्स आहे. ते फुकट असतं आणि जगभरची माणसं हौसेने ते चालवतात. त्यात एकेका कामाचा एकेक डबा. हिशेबाचा एक, चित्रं काढायचा एक, बोलायचा एक. प्रत्येक डब्यावर एका माणसाचं नाव आणि पत्ता, म्हणजे बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि निघण्याआधी साफसफाई होते. ज्या डब्याला कुणी वाली नाही तो बाहेर. घरात तरी आपण दुसरं काय करतो? ज्या डाळीला वर्षभर कुणी ऊन दाखवलं नाही तिच्यात टोके होतात, आणि एका डब्यातले टोके शेजारच्या डब्यात शिरायला वेळ लागत नाही. हे सगळं श्यामसुंदरांना पटत होतं. फक्त त्या डब्यात भीमराव होता.

दोघं खडकीला एकाच कारखान्यात होते. श्यामसुंदर टेलिफोन ऑपरेटर, भीमराव टेलिफोन दुरुस्त करणारा. भीमराव जिना चढून आला की चपलेवरून कळायचं, आणि दारातूनच ओरडायचा, ‘‘शाम्या, जिवंत आहेस का?’’ साहेबांसमोरही शाम्याच. पूर्ण नाव त्याने जन्मात कधी घेतलं नाही.

श्यामसुंदरांना संगणक शिकवला त्यानेच. तेव्हा त्यात मराठी वाचणारा एक आवाज होता, पण ऐकवत नसे. बाळाला बाल म्हणायचा, पाणी म्हणताना अडखळायचा. ‘‘हा मराठी बोलत नाही, मराठीची कवायत करतो,’’ श्यामसुंदर म्हणाले होते. अर्धं पान ऐकलं की डोकं ठणकायचं.

भीमरावने मनावर घेतलं. एका महाविद्यालयातल्या सरांकडून त्याने पद्धत शिकून घेतली. हजारो वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची, मग संगणक त्यांचे तुकडे जोडून हवं ते बोलतो. पण खडकीच्या चाळीत शांतता कुठली? रेल्वेचे भोंगे, नळावरची भांडणं. भीमराव कपाटात शिरला. आतून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, मांडीवर कागद, हातात विजेरी, आणि बाहेर बायको पहारा देतेय. मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळत त्याने ती वाक्यं वाचली. ‘‘आज मंडईत वांगी स्वस्त आहेत.’’ ‘‘दार लावून घ्या, मांजर येईल.’’ सगळं पूर्ण झाल्यावर म्हणाला, ‘‘शाम्या, आता मी मेलो तरी तुझी सुटका नाही.’’

आणि झालंही तसंच. श्यामसुंदर त्या आवाजात वर्तमानपत्र ऐकतात, मासिकं ऐकतात, गुरुवारी पोथीचा अध्याय ऐकतात. खडकीपासून मांजरीपर्यंत त्यांच्यासारख्या अंध माणसांचा फोनवरचा एक कट्टा आहे. त्या सगळ्यांच्या घरी वाचून दाखवतो तो भीमरावच.

आणि वापरणारे म्हणे शून्य!

डेक्कनला एका कॉलेजात लिनक्सवाल्यांची बैठक भरते, यादी काढणारी तनुजाही तिथे येते. पुढच्याच बैठकीला दोघं नवराबायको रिक्षा करून गेली. वाटेत कुसुमताई म्हणाल्या, ‘‘भांडायला जाताय, पण आवाज चढवू नका.’’ ‘‘आवाजासाठीच जातोय,’’ श्यामसुंदर म्हणाले. गेल्यागेल्या कुसुमताईंनी पिशवीतून दत्ताच्या प्रसादाचे पेढे काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले. त्यामुळे तनुजाला भांडणाचं पहिलं वाक्य तोंडात पेढा असताना ऐकावं लागलं.

‘‘भीमरावला काढणारी तूच का?’’

तनुजा शेडगे तिशीची, नोकरी सांभाळून हे काम करणारी. तिने पेढा गिळला. ‘‘काका, तुमची भावना मी समजू शकते...’’

‘‘भावना राहू दे. नियम सांग.’’

‘‘देखभाल करणाऱ्याला आम्ही चारदा मेल पाठवली. रिप्लाय नाही.’’

‘‘कुणाला पाठवलीस?’’

‘‘भीमराव ओव्हाळ.’’

‘‘तो जिथे गेलाय तिथे रेंज नाही.’’

तनुजा हळू म्हणाली, ‘‘सॉरी काका. आम्हाला हे कळायला काही मार्गच नसतो.’’

‘‘बरं. वापरणारे शून्य, हे कुठल्या मोजणीत बसतं? मी इथे उभा आहे तो काय आहे?’’

‘‘लिनक्स टाकताना एक प्रश्न येतो, तुमची गणती करू का म्हणून. हो म्हटलं तरच मोजतात.’’

‘‘कधी येतो हा प्रश्न?’’

‘‘अगदी सुरुवातीला.’’

‘‘म्हणजे आवाज सुरू व्हायच्या आधी. मुक्याने विचारायचं, आणि आंधळ्याने उत्तर दिलं नाही की शून्य लिहायचं. आम्ही सगळे तिथे अंदाजाने एंटर दाबतो गं बाई. ते तुमच्याकडे नाही म्हणून जातं.’’

तनुजाने मान डोलावली आणि मग ती श्यामसुंदरांना दिसली नसेल हे लक्षात येऊन म्हणाली, ‘‘बरोबर आहे. हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पण काका, तरी अडचण राहतेच. ते पॅकेज संगणकाच्या ज्या जुन्या भाषेत लिहिलंय ती भाषाच नव्या आवृत्तीत नाही. कुणीतरी ते बदलून लिहायला हवं, आणि पुढेही बघायला हवं. माझ्या अंगावर आधीच वीस आहेत. कोण घेणार?’’

‘‘पुजारी गेला म्हणून देव उचलून नदीत टाकता का तुम्ही?’’

‘‘नाही. पण दुसरा पुजारी लागतो.’’

‘‘मग मी घेतो.’’

‘‘अहो,’’ कुसुमताईंनी बाही ओढली, ‘‘काय घेताय?’’

‘‘किल्ली,’’ श्यामसुंदर म्हणाले.

त्यांच्या सोसायटीत दत्ताचं छोटं देऊळ आहे. पगारी पुजारी नाही. आठवड्याला एका घराकडे किल्ली येते. पहाटे उघडायचं, पूजा, नैवेद्य, संध्याकाळची आरती, आणि रविवारी किल्ली पुढच्या घरी. कुणी आजारी असो, कुणी गावाला जावो, किल्ली कुणाच्या तरी घरात असतेच. देव एक दिवसही पारोसा राहिलेला नाही.

घेतो म्हणणं सोपं होतं. श्यामसुंदरांनी आयुष्यभर फोन जोडले होते, प्रोग्रॅम कधी लिहिला नव्हता. तनुजा दर रविवारी फोनवरून सांगायची आणि ते आठवडाभर खटपट करायचे. आवाजाला हात लावायचा नव्हता, तो तसाच ठेवून त्याला जागं करणाऱ्या ओळी तेवढ्या नव्या भाषेत लिहायच्या होत्या. पण त्या ओळी चुकल्या की भीमराव मुका, आणि भीमराव मुका झाला की श्यामसुंदरांना काय चुकलं ते कळायची सोय नाही. मग हाक जायची.

‘‘कुसुम, काय दिसतंय?’’

‘‘लाल अक्षरं.’’

‘‘अगं, वाच ना.’’

‘‘एफ, ए, टी, ए, एल.’’

‘‘फेटल.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे मेलं.’’

‘‘मग पुन्हा करा. मी तोवर कुकर लावते.’’

सर्वांत छळलं ते रिकाम्या जागांनी. या नव्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर सगळं अवलंबून, आणि रिकामी जागा काही कानाला ऐकू येत नाही. आठ दिवस अडले. शेवटी कुसुमताईंनी चष्मा चढवून पडद्यावर बोट फिरवलं. ‘‘ही ओळ रांगेत नाहीये. रांगोळीत एखादा ठिपका सरकतो ना, तशी.’’ ओळ सरकवली आणि भीमराव खणखणीत म्हणाला, ‘‘दार लावून घ्या, मांजर येईल.’’ कुसुमताईंनी खरोखरच दाराकडे पाहिलं. श्यामसुंदरांनी भीमरावला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा.

काम पाठवलं. शेजारच्या खोलीतून आरतीचं तबक आणताना कुसुमताईंना वाटलं, संपलं आता.

यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तनुजाचा फोन आला. ‘‘काका, काम एकदम करेक्ट आहे. पण जबाबदार व्यक्ती म्हणून तुम्ही भीमरावांचंच नाव ठेवलंय. तुमचं खाली, सोबत म्हणून.’’

‘‘मग? आधी त्याचं, मग माझं. लग्नपत्रिकेत तरी गेलेल्यांना खाली टाकतात का?’’

‘‘काका, मशीन पहिल्या पत्त्यावरच विचारतं. तिकडून उत्तर आलं नाही की काढून टाकतं. ते नाव बदलावंच लागेल.’’

‘‘नाव काढणार नाही.’’

‘‘मग पॅकेज जाईल. उद्या संध्याकाळी.’’

‘‘कपाटात तो बसला होता, मी नाही. जायचं तर दोघं जाऊ.’’ आणि त्यांनी फोन ठेवला.

कुसुमताई समईची वात पुढे सारत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, ‘‘झालं समाधान?’’

‘‘तू मध्ये पडू नकोस.’’

‘‘महिनाभर लाल अक्षरं कुणी वाचली? पडणारच. आपल्या देवळाच्या दारावर दगड आहे, ठाऊक आहे ना?’’

‘‘आहे. हात लावून पाहिलाय.’’

‘‘काय आहे त्यावर?’’

‘‘जागा दिली त्या प्रेमलाबाई घुल्यांचं नाव.’’

‘‘त्या जाऊन किती काळ लोटला. नाव पुसलं कुणी? नाही. पण कुलूप अडकलं, नळ तुटला, तर लोक कुणाचं दार वाजवतात? दगडाचं? की ज्याच्या घरी किल्ली आहे त्याचं?’’

श्यामसुंदरांनी फोन बाजूला सरकवला.

‘‘भीमरावला दगडावर ठेवायचं सोडून तुम्ही त्याच्या गळ्यात किल्ली बांधलीत,’’ कुसुमताई म्हणाल्या. ‘‘मेलेल्या माणसाला कामाला लावलंत, आणि वर म्हणताय मान दिला. त्याने ऐकलं असतं तर काय म्हणाला असता?’’

काय म्हणाला असता ते श्यामसुंदरांना अगदी त्याच्या आवाजात ऐकू आलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी फोन चाचपून उचलला. ‘‘तनुजा, तुमच्याकडे दगड असतो का?’’

‘‘काय?’’

‘‘हे मुळात कुणी केलं, हे लिहायची जागा. जिथे पत्ता लागत नाही, उत्तर द्यावं लागत नाही.’’

‘‘असते ना. वेगळी फाइल असते त्यासाठी. पॅकेज जगात जिथे जिथे जाईल तिथे ती सोबत जाते.’’

‘‘ती पुसायचा अधिकार कुणाला?’’

‘‘कुणालाच नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.’’

‘‘मग हे आधी सांगायला काय झालं होतं?’’

‘‘काका, तुम्ही फोन ठेवलात.’’

त्या संध्याकाळी श्यामसुंदरांनी दगड लिहिला. आवाज कुणाचा, कुठे मुद्रित केला, कपाट, गोधड्या, बाहेर उभी राहणारी बायको, सगळं. तनुजा म्हणाली, एवढं कुणी लिहीत नाही. ते म्हणाले, मी लिहितो. गणतीच्या प्रश्नाचंही त्यांनी सोडलं नाही. आधी आवाज सुरू करा, मग प्रश्न विचारा, अशी तक्रार नोंदवली, आणि कट्ट्यावरच्या झाडून सगळ्यांना तिच्याखाली नावं लिहायला लावली. मग जबाबदार व्यक्तीची वरची ओळ गाठली. एकेक अक्षर मागे जात भीमरावचं नाव पुसलं. प्रत्येक अक्षर जाताना भीमराव ते मोठ्याने म्हणत होता.

नवी यादी दोन दिवसांनी आली. कुसुमताई चहा ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

‘‘पुढील आवृत्तीत राहणारी पॅकेजेस,’’ भीमराव वाचू लागला. तोच सूर, वीजबिलाचा. ‘‘मराठी वाचा, आवाज भीमराव. जबाबदार व्यक्ती, श्यामसुंदर गोविंद खांबेटे.’’

श्यामसुंदर खुर्चीत ताठ झाले.

‘‘उभ्या जन्मात एकदा पूर्ण नाव घेतलं नाहीस,’’ ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले. ‘‘आता घे. दर यादीला घे.’’

आणि त्यांनी बटण दाबून ती ओळ त्याला पुन्हा वाचायला लावली.